दुर्मीळ क्षय आणि मागे घ्यावे लागलेले एक विधान

२०२१ सालच्या उन्हाळ्यात, टाळेबंदीमुळे संगणकाच्या पडद्यावर भरलेल्या प्राध्यापकांच्या एका उजळणी वर्गात आम्ही एक व्याख्यान दिले होते. विषय होता 'प्रमाण आणि विचलन'. काही संहिता प्रमाण कशा ठरतात, आणि त्या प्रमाणाला तडा कसा जातो, असा एकूण विचार. आरंभी श्रोत्यांचे लक्ष वेधावे म्हणून आम्ही भौतिकशास्त्रातील एक ताजी बातमी सांगितली. जिनिव्हाजवळील सर्न या प्रयोगशाळेत, एलएचसीबी नावाच्या प्रयोगात, काही कणांचा क्षय अपेक्षेप्रमाणे होत नसल्याचा पुरावा त्याच वर्षीच्या मार्च महिन्यात जाहीर झाला होता. 'पन्नास वर्षे अभेद्य राहिलेल्या प्रमाण प्रारूपालाही अखेर तडा गेला. मग आपली वाङ्मयीन प्रमाणे ती काय?' असे आमचे वाक्य होते. ते अनेकांना आवडले. पुढे व्याख्यानाचा लेख झाला, आणि तो एका नियतकालिकाने छापलाही.

२० डिसेंबर २०२२ रोजी त्याच प्रयोगाच्या चमूने नवे विश्लेषण जाहीर केले. तडा वगैरे काही नव्हता. मोजणीतच चूक राहिली होती.

आम्ही संपादकांना दुरुस्तीचे चार ओळींचे पत्र पाठवले. उत्तर सौजन्यपूर्ण होते: लेख साहित्याविषयी आहे, कणांचा उल्लेख त्यात रूपक म्हणून आला आहे, आणि रूपकाला शुद्धिपत्र नसते, तेव्हा पत्र छापण्याचे कारण दिसत नाही. हे उत्तर आम्हांला तेव्हा पटले नाही, आज तर मुळीच पटत नाही. प्रस्तुत लेख म्हणजे ते न छापलेले पत्रच आहे, फक्त लांबलेले. आणि लांबवायचेच तर मूळ गोष्ट नीट समजून घेऊन लांबवावे, जे आम्ही २०२१ साली केले नव्हते.

प्रथम गेज सिद्धांताविषयी. भौतिकशास्त्रज्ञ तो समीकरणांनी सांगतात. आमची ती पात्रता नाही, म्हणून आपल्या परिचयाचे उदाहरण घेतो. आपल्या संगीतात षड्जाची उंची ठरलेली नाही. कोणी काळी एकमध्ये गातो, कोणी पांढरी पाचमध्ये. यमन दोघांचाही यमनच. सगळे स्वर एकाच प्रमाणात वर सरकले तर रागाला काही होत नाही. ही सर्वत्र एकसारखी लागू होणारी सममिती झाली. आता अशी कल्पना करा की सभागृहातील प्रत्येक आसनावरच्या माणसाने आपापला षड्ज निवडला आहे, आणि तरीही सर्वांनी मिळून एकच यमन गायचा आहे. हे केव्हा शक्य होईल? शेजाऱ्याचा षड्ज आपल्यापेक्षा किती वर वा खाली आहे हा निरोप एका आसनावरून दुसऱ्या आसनावर नेणारे कोणीतरी असेल, तेव्हाच. गेज सिद्धांताचा गाभा इतकाच आहे: प्रत्येक ठिकाणी आपले माप स्वतंत्रपणे निवडण्याची मुभा द्यायची असेल, तर ती मापे एकमेकांशी जुळवणारा निरोप्या मानावाच लागतो, आणि तो निरोप्या म्हणजेच निसर्गातले बल. विद्युतचुंबकीय बलाचा निरोप्या फोटॉन; अणुकेंद्रातील क्षीण बलाचे डब्ल्यू आणि झेड; क्वार्कांना बांधून ठेवणाऱ्या बलाचे ग्लुऑन. उदाहरण याहून अधिक ताणू नये.

या सिद्धांताच्या नावाची कथा भाषेच्या अभ्यासकांनी जरूर ऐकावी. हेर्मान वाइल या जर्मन गणितज्ञाने १९१८ साली अशी कल्पना मांडली की लांबी मोजण्याचे माप ठिकठिकाणी वेगळे निवडता यावे. जर्मनमध्ये मापे-वजने प्रमाणित करण्याला जो शब्द आहे, तोच त्याने वापरला, आणि त्याचाच इंग्रजी अवतार म्हणजे 'गेज'. आइन्स्टाइनने कल्पनेच्या देखणेपणाचे कौतुक केले, आणि लगेच आक्षेपही घेतला: असे असते तर निरनिराळ्या वाटांनी प्रवास करून आलेल्या दोन सारख्या अणूंचा प्रकाश वेगळा दिसला असता, तसा तो दिसत नाही. आक्षेप बिनतोड होता. १९२९ साली वाइलने तीच कल्पना लांबीवरून काढून पुंज-यामिकीतील तरंगाच्या कलेला लावली, आणि तेथे ती चपखल बसली. १९५४ साली यांग आणि मिल्स यांनी तिचा विस्तार केला, आणि साठ-सत्तरच्या दशकांत ग्लाशो, वाइनबर्ग, सलाम आदींच्या हातून तिच्यातूनच आजचे प्रमाण प्रारूप उभे राहिले. लांबीशी काही संबंध उरला नाही, नाव मात्र मापाचेच राहिले. अर्थ सोडून गेलेला आणि तरीही टिकलेला शब्द, असे उदाहरण शब्दशक्तीच्या तासाला द्यायला आमची हरकत नाही, कारण ही कथा खरी आहे.

आता दुर्मीळ क्षयांकडे. प्रमाण प्रारूपाच्या पलीकडे काही आहे का, हे शोधण्याचे ढोबळमानाने दोन मार्ग आहेत. एक सरळ: अधिकाधिक ऊर्जेने कण आदळवावेत आणि त्यातून काही अनोळखी बाहेर पडते का ते पाहावे. दुसरा आडवळणाचा. प्रारूप ज्या घटनेला जवळजवळ मनाई करते अशी एखादी घटना निवडावी, आणि ती नेमकी किती वेळा घडते ते मोजावे. हमरस्त्यावर एक अनोळखी माणूस मिसळून गेला तर कोणाला कळत नाही. पण वर्षातून एकदा कोणी जाते अशा पायवाटेवर दोन माणसांच्या पाऊलखुणा दिसल्या तर लगेच शंका येते. पुंज-यामिकीच्या नियमांनुसार अतिजड कण, जे निर्माण करण्याइतकी ऊर्जा आपल्यापाशी नाही, तेही क्षयाच्या प्रक्रियेत क्षणमात्र मध्यस्थी करू शकतात. अशी मध्यस्थी असेल तर दुर्मीळ घटनेची वारंवारिता बदलते.

याचे सर्वांत सुंदर उदाहरण केऑन या कणाचे. साठच्या दशकाअखेरीस एक कोडे होते. दीर्घायुषी उदासीन केऑन दोन म्यूऑनांत फुटावा, आणि त्या काळच्या सिद्धांतानुसार तो बऱ्यापैकी वेळा फुटावा. प्रत्यक्षात असे जवळजवळ घडतच नव्हते. आज आपल्याला ठाऊक आहे की सुमारे पंधरा कोटी क्षयांत हा प्रकार एकदा घडतो. १९७० साली ग्लाशो, इलिओपुलोस आणि मायानी यांनी या 'न घडण्या'चा अर्थ लावला: त्या वेळी माहीत असलेल्या तीन क्वार्कांखेरीज एक चौथा क्वार्क असला पाहिजे, आणि त्याची मध्यस्थी अप क्वार्कच्या मध्यस्थीला जवळजवळ पूर्णपणे छेदून टाकत असली पाहिजे. १९७४ सालच्या नोव्हेंबरात ब्रुकहेवन आणि स्टॅनफर्ड येथील दोन प्रयोगांत हा चौथा, 'चार्म' नावाचा, क्वार्क सापडला. काय घडत नाही यावरून काय आहे हे सांगितले गेले, आणि चार वर्षांत ते हाती आले. गाळलेल्या जागांचे वाचन आम्हीही वर्गात शिकवतो. पण आमच्या वाचनानंतर चार वर्षांनी कोणी गाळलेली ओळ हातात आणून ठेवत नाही. बहुधा त्यामुळेच आम्ही निर्धास्त असतो.

एलएचसीबीची गोष्ट याच कुळातली. बॉटम नावाचा जड क्वार्क असलेला बी-मेसॉन क्वचित एक केऑन आणि दोन म्यूऑन यांत फुटतो, किंवा एक केऑन आणि दोन इलेक्ट्रॉन यांत. म्यूऑन हा इलेक्ट्रॉनचा सुमारे दोनशे सात पट जड भाऊ. वस्तुमान सोडले तर गेज बले या दोघांत कोणताही भेद करत नाहीत. त्यांच्या दृष्टीने दोघे समान. म्हणजे दोन्ही प्रकारच्या क्षयांचे गुणोत्तर जवळजवळ एक यायला हवे. २०१४ साली ते ०.७४५ आले, पण आकडेवारी तुटपुंजी होती. मार्च २०२१ मध्ये अधिक सामग्रीनिशी ते ०.८४६ आले, आणि प्रारूप बरोबर असताना केवळ योगायोगाने इतका फरक दिसण्याची शक्यता हजारात एक इतकी कमी होती. भौतिकशास्त्रज्ञ याला 'पुरावा' म्हणतात, 'शोध' म्हणत नाहीत. शोध म्हणायला ही शक्यता सुमारे पस्तीस लाखांत एक इतकी खाली यावी लागते. हा भेद त्यांच्या निवेदनात स्पष्ट होता. आमच्या व्याख्यानातून तो गळाला. 'पुराव्या'चा 'तडा' आम्ही केला, त्यांनी नव्हे.

चूक कोठे होती? इलेक्ट्रॉन ओळखणे अवघड असते. म्यूऑन शोधयंत्राच्या जाड थरांतून आरपार जातो आणि आपली ओळख सोडून जातो. इलेक्ट्रॉन वाटेत प्रकाशरूपाने ऊर्जा सांडत जातो, आणि दुसरेच काही कण इलेक्ट्रॉनचे सोंग घेऊन मोजणीत शिरू शकतात. अशा सोंगाड्यांचा अंदाज मुळात कमी धरला गेला होता. इलेक्ट्रॉनांची संख्या खोटी वाढली, ती छेदात होती, आणि म्हणून गुणोत्तर एकाच्या खाली दिसले. नव्या विश्लेषणात सोंगाड्यांना बाजूला काढल्यावर गुणोत्तर पुन्हा एकाशी सुसंगत झाले. दरम्यान त्या विचलनाचे स्पष्टीकरण देणारे, नवे कण आणि नवी गेज बले कल्पिणारे शेकडो शोधनिबंध जगभर लिहून झाले होते.

येथे दोन गोष्टी आम्हांला महत्त्वाच्या वाटतात. पहिली अशी की चूक काढणारे प्रतिस्पर्धी नव्हते. ज्या चमूने पुरावा जाहीर केला होता, त्याच चमूने तो मोडून काढला. ज्या निष्कर्षाने त्यांना जगभर प्रसिद्धी मिळाली होती तोच त्यांनी स्वतःच्या हाताने खोडला. दुसरी गोष्ट अधिक गुंतागुंतीची. या प्रयोगांत उत्तर झाकून ठेवण्याची पद्धत आहे. मोजणीचे सर्व नियम, गाळण्या, दुरुस्त्या ठरून गोठवल्या जाईपर्यंत संशोधक अंतिम आकडा पाहतच नाहीत, म्हणजे आपल्याला हवे ते उत्तर येईपर्यंत नियम वाकवण्याचा मोह टळतो. आम्ही हे प्रथम वाचले तेव्हा अक्षरशः थबकलो. आपल्यापैकी कोणी एखाद्या कादंबरीचे परीक्षण असे लिहिले आहे काय, की निकष आधी कागदावर उतरवून पाकिटात घातले आणि मग कादंबरी उघडली? आमचा अनुभव उलटा. आधी निवाडा मनात असतो, आणि निकष मागाहून, त्याच्या मापाने शिवले जातात. पण हेही खरे की झाकून ठेवण्याची ही शिस्त २०२१ सालीही पाळली गेली होती, आणि तरी चूक झालीच. ती शिस्त इच्छेपासून वाचवते, अज्ञानापासून नाही. सोंगाड्या आहे हेच पुरते ठाऊक नसेल तर पाकीट कितीही घट्ट चिकटवून काय उपयोग?

या मुद्द्यावर आमचा एका सहकाऱ्याशी वाद झाला. ते म्हणाले, भौतिकशास्त्राला उत्तर असते, साहित्याला नसते, तुलनाच गैर. आम्हांला हे अर्धेच मान्य आहे. एखाद्या कवितेच्या अर्थाला छेद-अंश नसतात, हे कबूल. पण आपल्याच क्षेत्राचा एक भाग असा आहे की जेथे चूक ही चूकच असते, आणि तो नेमका पुण्यातच बहरला. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचे काम १९१९ साली हाती घेतले आणि १९६६ साली ती संहिता पूर्ण झाली. १९२५ पासून तिचे प्रमुख संपादक असलेले विष्णु सीताराम सुकथनकर हे, पुष्कळांना माहीत नसते, केंब्रिजला गणित शिकले होते. त्या आवृत्तीचे कोणतेही पान उघडा. जो पाठ निश्चित नाही त्या शब्दाखाली नागमोडी रेघ आहे. संपादक म्हणतो आहे: येथवर माझी खात्री आहे, येथे नाही. शास्त्रज्ञांच्या आलेखातील प्रत्येक बिंदूला जी उभी रेघ असते, आपल्या खात्रीची लांबी सांगणारी, तिची ही सख्खी बहीण. आदिपर्व १९३३ साली पूर्ण छापून झाल्यावर नेपाळातून त्याची एक जुनी पोथी उपलब्ध झाली, तेव्हा सुकथनकरांनी आपले छापलेले पाठ तिच्याशी ताडून पाहिले आणि निष्कर्ष प्रसिद्ध केले. पोथीने पुष्कळ ठिकाणी त्यांच्या निवडीला दुजोरा दिला. दिला नसता तरी त्यांनी तो ताळा प्रसिद्ध केला असता, असे त्यांचे एकंदर काम पाहून आम्हांला वाटते. हे अर्थात आमचे मत.

समीक्षेने ही नागमोडी रेघ घेतली नाही, ही आमची तक्रार आहे, आणि तिच्यात आम्ही स्वतःला धरतो. आमच्या लेखांतील प्रत्येक वाक्य सारख्याच ठामपणे उभे असते. 'या कवीवर अमक्याचा प्रभाव आहे' हे पत्रव्यवहाराच्या आधारे म्हटले आहे की केवळ कानाला तसे वाटले म्हणून, हे वाचकाला कळण्याची सोय नसते. त्यातून विज्ञानातली रूपके आम्ही घेतो ती तर उसन्या रुबाबासाठीच. 'अनिश्चिततेचे तत्त्व', 'सापेक्षता', 'पुंज' हे शब्द मराठी समीक्षेत किती सैल फिरतात हे वाचकांना सांगायला नको. रूपकाला शुद्धिपत्र नसते असे म्हणणे म्हणजे या सैलपणाला परवाना देणे होय. चंद्र शीतल असतो असे कवी म्हणतो तेव्हा तो चंद्राच्या तापमानाविषयी दावा करत नाही, हे आम्हांलाही कळते. पण आमचे वाक्य तसे नव्हते. 'तडा गेला, मग आपली प्रमाणे ती काय?' यात पहिला भाग दुसऱ्याचा आधार होता. तडा खरोखर गेला आहे, या श्रोत्यांच्या विश्वासावरच युक्तिवादाचा भार होता. आधार काढून घेतल्यावर वर काय उरते ते लेखकाने सांगितले पाहिजे. आम्ही तपासून पाहिले: फारसे काही उरत नाही. प्रमाणभूत संहितांविषयीचे आमचे म्हणणे कदाचित बरोबर असेल, पण त्यासाठी आम्ही दुसरा पुरावा दिलाच नव्हता.

असो. तडे न जाणे ही देखील काही निष्फळ गोष्ट नसते, हे सांगण्यासाठी एका जुन्या प्रयोगाकडे वळतो. तिन्ही गेज बले एकाच मोठ्या सममितीची रूपे असावीत, असे १९७४ साली जॉर्जी आणि ग्लाशो यांनी मांडले, आणि त्यातून एक धक्कादायक भाकीत निघाले: प्रोटॉन, ज्याला आपण चिरंजीव समजतो, तोही कधीतरी क्षय पावेल. याहून दुर्मीळ क्षय कल्पिणे कठीण. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी जपानी सहकाऱ्यांसह कर्नाटकातील कोलारच्या सुवर्णखाणीत, जमिनीखाली दोन किलोमीटरहून अधिक खोल, लोखंडाच्या थरांचे शोधयंत्र उभारून या क्षयाची वाट पाहिली. अशा प्रकारच्या अगदी पहिल्या प्रयोगांपैकी तो एक. ऐंशीच्या दशकारंभी त्यांना प्रोटॉनक्षयासारख्या दिसणाऱ्या काही घटना आढळल्या. अमेरिकेतील आणि जपानमधील मोठ्या पाणटाक्यांनी मात्र त्यांना दुजोरा दिला नाही. जपानच्या त्या टाकीला, कामिओकांदेला, प्रोटॉनक्षय दिसला नाही; पण फेब्रुवारी १९८७ मध्ये एका दूरच्या ताऱ्याच्या स्फोटातून आलेले न्यूट्रिनो तिने टिपले. तिच्या थोरल्या बहिणीने, सुपर-कामिओकांदेने, १९९८ साली दाखवून दिले की न्यूट्रिनो वाटेत आपली जात बदलतात, म्हणजेच त्यांना वस्तुमान आहे. गंमत अशी की वातावरणात जन्मणारे हे न्यूट्रिनो प्रोटॉनक्षयाच्या शोधातली निव्वळ अडगळ होते, वगळायची पार्श्वभूमी. प्रोटॉन अजूनही अढळ आहे; त्याच्या क्षयाच्या मुख्य अपेक्षित मार्गासाठी आयुर्मर्यादा २४ वर तेहतीस शून्ये इतक्या वर्षांहून अधिक, असे आजवरच्या मोजणीवरून म्हणता येते. जॉर्जी-ग्लाशो यांचे मूळ, साधे रूप त्यामुळे बाद झाले. कोलारच्या त्या घटनांना आज कोणी प्रोटॉनक्षय मानत नाही. त्या नोंदवून जगापुढे तपासणीला ठेवल्या गेल्या, याचे मोल आम्हांला कमी वाटत नाही.

दुर्मीळ क्षयांचा शोध थांबलेला नाही. २०२४ साली सर्नच्याच एनए-६२ या प्रयोगाने विद्युतभारित केऑनचा पायऑन आणि दोन न्यूट्रिनो यांत होणारा क्षय निर्विवादपणे पाहिल्याचे जाहीर केले. प्रारूपानुसार हा प्रकार सुमारे बाराशे कोटींत एकदा घडावा. मोजलेला दर त्याहून काहीसा जास्त आला आहे, पण अनिश्चितता एवढी मोठी आहे की त्यावर कोणी काही बांधू नये. आम्ही तर मुळीच बांधणार नाही.

गेल्या सत्रात, विषय निघाला म्हणून, आम्ही वर्गात २०२१ च्या त्या व्याख्यानाची आणि त्यातील चुकीची हकिकत सांगितली. मागच्या बाकावरच्या एका विद्यार्थिनीने विचारले, 'सर, म्हणजे बी-मेसॉनमध्ये आता काहीच शिल्लक नाही का?' आम्ही उत्तर देण्यासाठी एक आठवडा मागून घेतला. उत्तर असे. शिल्लक आहे. बी-मेसॉनच्या याच घराण्यातील एका क्षयात बाहेर पडणाऱ्या कणांच्या दिशा, त्यांचे कोन, प्रारूपाच्या गणिताशी २०१३ पासून नीट जुळत नाहीत, आणि सीएमएस या दुसऱ्या प्रयोगाच्या मोजणीतही तोच कल दिसला आहे. पण गणिताची बाजूच येथे पक्की नाही, कारण त्या क्षयात एका क्वार्कची क्षणमात्र मध्यस्थी किती आहे याचा हिशेब कोणालाच पुरता मांडता आलेला नाही. तो क्वार्क म्हणजे चार्म, केऑनच्या 'न घडण्या'तून १९७० साली ओळखला गेलेला तोच. वहीत या उत्तराखाली आम्ही नागमोडी रेघ ओढून ठेवली आहे.